मखरापासून प्रश्नावलीपर्यंत : आईबापांचा संकोच मोजण्याचा इतिहास

१/
'वयात येणाऱ्या मुलाशी किंवा मुलीशी शरीराविषयी, पाळीविषयी, लैंगिक आरोग्याविषयी बोलताना तुम्हांला कितपत सहज वाटते? १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे पूर्णपणे.'

घोडबंदर रोडवरील एखाद्या गृहसंकुलाच्या सभागृहात पालकांपुढे हा कागद ठेवला, तर बरेचजण ४ वर खूण करतील, असा माझा अंदाज आहे. शेजारच्या खोलीत त्यांच्याच मुलांना विचारले तर काय उत्तर येईल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आजचा धागा या एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या इतिहासावर.

२/
आरंभीच एक गैरसमज दूर करू. 'आपल्याकडे पूर्वी या विषयावर अवाक्षर काढत नसत' हे विधान आपण वारंवार ऐकतो. ते अर्धेच खरे आहे.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मुलीला पहिली पाळी आली की अनेक घरांत ती वार्ता गुप्त राहत नसे. तिला मखरात बसवीत. नातलग आणि शेजारच्या बायका ओटी भरण्यास येत, गोडधोड होई, गाणी होत. 'न्हाण आले' ही बातमी आळीभर जाई. लग्न बहुधा आधीच झालेले असे. त्यामुळे यानंतर ऋतुशांती, गर्भाधानाचा विधी आणि सासरी रवानगी.

३/
म्हणजे मुलीच्या शरीरात घडलेला बदल सर्वांना ठाऊक असे. मखरात बसलेल्या त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला मात्र तो बदल कोणता, कशामुळे आणि पुढे काय होणार, हे कोणी सांगावे अशी प्रथा नव्हती. तो सोहळा तिच्याविषयी असे, पण तिच्याशी कोणी बोलत नसे.

मुलाच्या वाट्याला तर सोहळाही नव्हता.

४/
जे काही कळे ते आईबापांकडून कळत नसे. थोरली जाऊ, आत्या, विवाहित मैत्रीण, थट्टेचा अधिकार असलेला दीर, लग्नातील उखाणे आणि मुसळा-जात्यावरच्या ओव्या, अशा आडवाटांनी ज्ञान, अर्धज्ञान आणि भीती एकत्रच झिरपत असे. आईबाप आणि मुले यांच्यातील मर्यादा सांभाळून, ती बाजूची नाती हे काम करीत.

ही गोष्ट लक्षात ठेवा. घोडबंदर रोडवर परत येऊ तेव्हा ती लागेल.

५/
१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय १० वरून १२ करण्यात आले. बेहरामजी मलबारी यांनी चालविलेली चळवळ आणि लोकमान्य टिळकांचा सरकारी हस्तक्षेपास विरोध, हा वाद तुम्ही शाळेत वाचला असेल.

त्या वादाचा गाभा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गर्भाधानाचा विधी पहिल्या पाळीशी बांधलेला होता. पाळी बाराव्या वर्षाआधी आली तर कायदा आणि विधी यांची टक्कर होणार, हा आक्षेप होता. म्हणजे मुलींच्या वयात येण्यावर वृत्तपत्रांत आणि जाहीर सभांत महिनोन्महिने चर्चा चालली होती. ती चर्चा करणारे बाप घरी जाऊन लेकीशी काय बोलत असतील?

६/
पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचे विवाहवय १४ आणि मुलांचे १८ ठरले. अंमलबजावणी ढिली होती हे खरे. तरीही शहरी, शिकलेल्या घरांत लग्न हळूहळू पुढे सरकू लागले आणि एक नवीच अवस्था जन्माला आली : वयात आलेली, पण अविवाहित मुले-मुली. शाळेत जाणारी, वाचणारी, प्रश्न पडणारी.

आजचे 'टीनएजर' म्हणजे इतिहासाच्या मोजपट्टीवर अगदी अलीकडची मंडळी. 'आईबापांनी मुलांशी बोलावे का?' हा प्रश्न त्यांच्याबरोबरच आला. तोपर्यंत तो पडण्याचे कारणच नव्हते.

७/
आणि नेमक्या याच वळणावर मुंबईत एक गणिताचे प्राध्यापक उभे होते. रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म १८८२, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. १९२३ मध्ये त्यांची 'संततिनियमन' आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' ही पुस्तके आली. या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी संसाराचा आणि या कार्याचा भार बरोबरीने उचलला.

८/
१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचा पहिला अंक निघाला. कर्व्यांचे निधन ऑक्टोबर १९५३ मध्ये झाले. शेवटचा अंक नोव्हेंबरचा. सव्वीस वर्षे एका माणसाने, तोट्यात, टीकेच्या भडिमारात हे मासिक चालविले.

त्यातील लेखांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयासाठी मात्र महत्त्वाचा आहे तो वाचकांच्या पत्रांचा भाग.

९/
लोक कर्व्यांना पत्रे लिहीत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, मूल नको असेल तर काय करावे. जे प्रश्न घरात तोंडातून निघणे अशक्य होते, ते पोस्टाने एका अनोळखी संपादकाकडे जात होते. कर्वे उत्तर देत, तेही कोरडे आणि नेमके. सहानुभूतीचे पाल्हाळ हा त्यांचा स्वभाव नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या पत्रांकडे एक मोजमाप म्हणून पाहावे असे मला वाटते. सर्वेक्षण नव्हते, टक्केवारी नव्हती. तरी घरातील मौनाची नोंद कुठेतरी होत होती. प्रश्न घराबाहेर किती दूर गेला, यावरून घरात त्याला किती जागा होती हे कळते.

१०/
या पत्रोत्तरांनीच कर्व्यांना न्यायालयात नेले. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून अश्लीलतेचा पहिला खटला झाला, १०० रुपये दंड झाला. १९३४ मधील दुसऱ्या खटल्याचा रोख वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता.

त्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच मजकूर अश्लील ठरत नाही, आणि लोकांना शंका असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला. दंड २०० रुपये.

११/
बाबासाहेबांनी हा विषय तेथेच सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, पी. जे. रोहम यांनी तो मांडला. तो फेटाळला गेला.

(कर्व्यांच्या घराण्याची आणखी एक नोंद जाता जाता : १९५३ मध्ये, रघुनाथरावांच्या निधनाच्याच वर्षी, त्यांच्या भावजय इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणत्या नात्यात अंतर राखायचे आणि कोणत्या नात्यात थट्टा चालते, याचा अभ्यास करणारे घर हेच.)

१२/
तिकडे अमेरिकेत मात्र मोजणी सुरू झाली होती. १९१५ मध्ये मॅक्स एक्स्नर यांनी ९४८ महाविद्यालयीन तरुणांना विचारले : या विषयातील पहिली माहिती तुम्हांला कोठून मिळाली? बहुसंख्यांचे उत्तर 'बरोबरीच्या मुलांकडून' या प्रकारचे होते. १९२९ मध्ये कॅथरीन डेव्हिस यांनी २,२०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

१९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी वृत्ती मोजण्यासाठी पाच पायऱ्यांची पट्टी सुचविली. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत'. धाग्याच्या आरंभीचा १ ते ५ चा प्रश्न या पट्टीचाच वंशज आहे.

१३/
स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे काय झाले? १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया या तिच्या आधारस्तंभ. १९५२ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि सरकारी कार्यक्रमही त्याच सुमारास सुरू झाला. मात्र साऱ्याचा रोख विवाहित जोडप्यांवर. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर पोहोचला. भिंतीच्या आतल्या पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही.

याच संघटनेत १९७० च्या दशकात डॉ. महिंदर वत्स यांनी लैंगिक शिक्षण आणि समुपदेशन यांचा आग्रह धरला. पुढे २००५ पासून ते मुंबईतील एका इंग्रजी दैनिकात वाचकांच्या शंकांना रोज उत्तरे देत. २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कर्व्यांना आलेली पत्रे आणि वत्सांना आलेली पत्रे यांत सात-आठ दशकांचे अंतर. प्रश्न पुष्कळसे तेच.

१४/
मौनाची किंमत पहिल्यांदा काटेकोर आकड्यांत दिसली ती गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. त्याआधी कधीतरी अशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया होत्या ८ टक्के.

९२ आणि ८. हा पालकांच्या सहजतेचा अभ्यास नव्हे, हे खरे. पण ज्या मुलीला वयात येताना 'हे कोणापाशी बोलायचे नाही' एवढाच धडा मिळाला, ती पुढे आजारपणातही तो धडा पाळते, हे या आकड्यांतून दिसते असे मी मानतो. याच संस्थेने नंतर तरुणांसाठी 'तारुण्यभान' शिबिरे सुरू केली.

१५/
आता २००७.

एड्सच्या भयाने सरकारला वर्गात हा विषय आणणे भाग पडले होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था आणि केंद्रीय शिक्षण खाते यांचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्याराज्यांत गेला. त्यातील चित्रे आणि मजकूर यांवरून गदारोळ झाला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबविला. २००९ मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नसावे, अशीच शिफारस केली.

शाळेत नको, हे संस्कार घरात व्हावेत, असा विरोधकांपैकी पुष्कळांचा सूर होता.

१६/
घरात होतात का, हे त्याच सुमारास कोणी मोजत होते.

देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये सहा राज्यांत तरुणांचे मोठे सर्वेक्षण हाती घेतले. महाराष्ट्र त्यांपैकी एक. १५ ते २४ वयाचे तरुण-तरुणी (विवाहित पुरुषांसाठी वयोमर्यादा २९), एकूण ५०,००० हून अधिक. माजिवड्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने निघालात तर ही संस्था फार दूर नाही. आपल्या राज्यातील या विषयाचा सर्वांत मोठा हिशेब तिथे आहे.

१७/
या सर्वेक्षणाची रीत समजून घेण्यासारखी आहे. मुलींशी स्त्री-प्रश्नक बोलत, मुलांशी पुरुष-प्रश्नक. आईशी काय बोलता, वडिलांशी काय बोलता, हे विषयवार विचारले : अभ्यास, मित्रमैत्रिणी, शरीरातील बदल, प्रेमसंबंध, प्रजननाची प्रक्रिया. सर्वांत नाजूक प्रश्नाचे उत्तर केवळ तोंडी मागितले नाही. चिठ्ठीवर खूण करायची आणि पाकीट बंद करून द्यायचे.

बंद पाकीट! कर्व्यांच्या वाचकांनीही तेच केले होते. फक्त इथे पाकीट पोस्टात न पडता संशोधकाच्या पिशवीत पडले.

१८/
निष्कर्ष असा : अभ्यासाविषयी आईबापांशी बोलणे होते, प्रेम आणि प्रजनन यांविषयी बोलणे अत्यंत विरळ. मुली आईशी पाळीविषयी बोलतात, पण त्यापुढे गाडी फारशी जात नाही. मुलगा आणि बाप यांच्यात तर शुकशुकाट. शाळेत वा अन्यत्र कौटुंबिक जीवनाचे किंवा लैंगिक शिक्षण मिळालेले तरुण होते सुमारे १५ टक्के. असे शिक्षण महत्त्वाचे वाटते, असे म्हणणारे मात्र बहुसंख्य.

ज्या काळात वर्गाचे दार 'हे घरचे काम' म्हणून लावले गेले, त्याच काळात घराचे दारही लावलेलेच आहे याची नोंद कागदावर होत होती. दोन कागद एकमेकांना भेटले नाहीत. धोरणाच्या इतिहासातील ही मला सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

१९/
पण थांबा. या सर्वेक्षणाने मुलांना विचारले. पालकांना विचारले असते तर?

याचे उत्तर परदेशी अभ्यासांतून मिळते. १९८५ मध्ये न्यूकमर आणि उड्री, १९९८ मध्ये जेम्स जॅकार्ड आणि सहकारी यांनी एकाच घरातील पालक आणि मुले, दोघांनाही विचारले : 'या विषयावर तुमचे बोलणे झाले आहे का?' दोन्ही उत्तरांचा मेळ फारच कमी बसला. आई म्हणते झाले, मूल म्हणते नाही. दोघेही खोटे बोलत असतील असे नाही. आईच्या लेखी जे बोलणे, ते मुलाच्या लेखी ओझरता उल्लेख.

२०/
म्हणून पुढील संशोधकांनी 'बोललात का' याच्या जोडीला 'बोलू शकाल असा भरवसा किती' हे विचारण्यास सुरुवात केली. पाया होता अल्बर्ट बँड्युरा यांचा १९७७ मधील आत्मक्षमतेचा सिद्धान्त : एखादे काम जमेल असा विश्वास असेल तरच माणूस ते हाती घेतो. कॉलिन डिओरिओ यांनी या धर्तीवर आयांसाठी प्रश्नावली घडविली. तीत विषय सुटे सुटे मांडलेले असतात. पाळी का येते हे समजावू शकाल का, निरोध कसा वापरतात हे सांगू शकाल का, नको असेल तर नकार कसा द्यावा हे शिकवू शकाल का.

यातील मर्म 'सुटे सुटे' या शब्दांत आहे. 'तुमच्या घरी मोकळे वातावरण आहे का?' या प्रश्नाला होकार देणे सोपे असते.

२१/
मराठीत ही प्रश्नावली उतरविताना खरी अडचण इथेच येते. 'सहजता' हा पुस्तकी शब्द. 'मोकळेपणा' म्हटले की पालक मैत्रीपूर्ण वागण्याचा अर्थ घेतात : मुलगी माझ्याशी सगळे बोलते, आम्ही एकत्र सिनेमा बघतो. 'संकोच' विचारला तर संकोच हा सद्गुणही आहे. तो कबूल करण्यात अनेकांना कमीपणा वाटत नाही, थोडा अभिमानच वाटतो.

आणि बोलणे म्हणजे काय? 'उशीर करू नकोस', 'मुलांशी जपून राहा', 'आता तू मोठी झालीस' ही वाक्ये आईच्या हिशेबात लैंगिक आरोग्यावरचे बोलणे ठरतात. मुलीच्या हिशेबात ती फक्त बंदी असते.

२२/
शब्दसंपत्ती पाहा. कावळा शिवला, बाहेरची झाली, शहाणी झाली, पदर आला, न्हाण आले. पाळीसाठी मराठीत आडवळणाचे इतके शब्द आहेत. मुलाच्या वयात येण्यासाठी आवाज फुटला, मिसरूड फुटली यांपुढे काय आहे? स्वप्नावस्थेला घरगुती शब्द कोणता? जिथे घरात शब्दच नाही, तिथे बाप काय बोलणार आणि आपण मोजणार काय?

कर्व्यांना हा प्रश्न पडला होता. त्यांनी संस्कृतप्रचुर, शास्त्रीय शब्द निवडले. न्यायालयाने तेही अश्लील ठरविले.

२३/
आता घोडबंदर रोडवर येऊ. एका टोकाला खाडीकाठचा पोर्तुगीजकालीन किल्ला, दुसऱ्या टोकाला माजिवडा, मध्ये कासारवडवली, मानपाडा, वाघबीळ अशी मूळ गावांची नावे आणि त्यांच्यावर उभे राहिलेले मनोरे. गेल्या तीसेक वर्षांतील ही वस्ती. गिरगाव-परळच्या चाळींतून, डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून, राज्यातील दूरच्या जिल्ह्यांतून आलेली छोटी कुटुंबे.

या स्थलांतरात जागा वाढली आणि थोरली जाऊ, आत्या, शेजारची विवाहित ताई मागे राहिली. चौथ्या भागात जी बाजूची नाती सांगितली, ती हीच. पूर्वी आईबापांनी न बोलल्याने पडलेली पोकळी ही नाती बऱ्यावाईट रीतीने भरीत. आज बंद दाराच्या सदनिकेत ती पोकळी मोबाइल भरतो. म्हणून आईबापांच्या सहजतेचा प्रश्न आजच्या इतका निकडीचा यापूर्वी कधीच नव्हता.

२४/
ठाणे-कल्याण पट्ट्यात कोणी हा अभ्यास करावयाचे ठरविले, तर शंभर वर्षांच्या या इतिहासातून काही गोष्टी उचलता येतील. पालक आणि मूल यांना वेगवेगळ्या खोलीत तेच प्रश्न द्यावेत आणि उत्तरांमधील फरक हाच मुख्य निष्कर्ष मानावा. बापांना वगळू नये. बहुतेक प्रश्नावल्या आईच्या हाती पडतात. 'सहज वाटते का' याऐवजी 'मुलाने हा प्रश्न विचारला तर कोणत्या शब्दांत उत्तर द्याल, लिहून दाखवा' असे विचारावे. कोरी सोडलेली ओळ हेही एक माप असते.

आणि मुलांना एक प्रश्न जास्तीचा द्यावा : 'ही शंका आली तेव्हा तुम्ही प्रथम कोणाला विचारलेत?' १९२७ ते १९५३ या काळात याचे एक उत्तर 'समाजस्वास्थ्य'च्या संपादकांचा पत्ता हे होते.